गादीत दोष नाही

लोकांच्या गाद्यांखाली काय काय निघतं म्हणून सांगू! लाइट बिलं, केसांच्या पिना, अंगाऱ्याच्या पुड्या, जुने एक्सरे, एकदा तर न वाटलेल्या लग्नपत्रिकांची अख्खी चळत. मुद्दाम कुणी साठवत नाही. हातातलं काहीतरी तात्पुरतं सारायचं म्हणून सारतात आणि मग वर्षानुवर्षं त्यावरच झोपतात. आमच्या डिपार्टमेंटचे किस्से असेच साठलेत. एक ओढायला गेलं की चार हाताला लागतात. त्यात मला एका जागी बसून क्रमाने काही सांगता येत नाही, तेव्हा सांभाळून घ्या.

मी इथे कन्नड मुलखात, बोम्मसंद्र्याला गाद्यांच्या कारखान्यात आहे. कम्प्लेंट डिपार्टमेंट. गादी बनवणारे वेगळे, विकणारे वेगळे, आणि 'तुमच्या गादीवर झोप येत नाही' हे ऐकून घेणारे आम्ही. डिपार्टमेंट मोठं आहे, पण दुपारी डबे एकत्र उघडणारे मराठी तिघेच. मी नागपूरची, तन्मय पुण्याचा आणि गिरीशअण्णा राव इथलेच. अण्णांचं घराणं कित्येक पिढ्या चामराजपेटमध्ये. त्यांचं वाक्य मराठीत चढतं आणि कन्नडमध्ये उतरतं. आम्हाला ते नावाने हाक मारत नाहीत, गावाने मारतात. "ए नागपूर, लोणचं काढ." "काय रे पुणे, आज पण ब्रेडच?"

अण्णा आमचे सगळ्यांत जुने इन्स्पेक्टर. कम्प्लेंट आली की ते कस्टमरच्या घरी जायचे आणि हाताखाली शिकायला म्हणून मी सोबत. काम साधं आहे. चादर काढायची, गादीवर आडवी दोरी ताणायची, दोरीखाली जिथे फट दिसेल तिथे स्टीलची पट्टी उभी धरून खड्डा मोजायचा. खड्डा मापापेक्षा खोल असला तर गादी बदलून द्यायची. नसला तर एकच वाक्य बोलायचं, गादीत दोष नाही. अण्णा ते इतक्या हळू बोलायचे की डॉक्टर रिपोर्ट नॉर्मल आहे म्हणून सांगताहेत असं वाटावं. आणि ऐकणाऱ्याचा चेहरा रिपोर्ट नॉर्मल आल्यावर पडतो तसाच पडायचा, कारण मग दुखतंय कुठे हा प्रश्न उरतोच.

आता गंमत बघा. झोप विकणाऱ्या कंपनीत आम्हा तिघांपैकी एकाचीही झोप धड नाही. मला लागते, पण टिकत नाही. पहाटे डोळे उघडतात आणि काल कुठल्या तरी सरांना मेलमध्ये 'डिअर मॅडम' लिहिलं की काय, असल्या विचाराने अंधारातच फोन उघडून मेल तपासत बसते. तन्मयची झोप त्याच्या घड्याळाच्या ताब्यात आहे, ते पुढे येईलच. अण्णांचं मात्र आम्हाला माहीतच नव्हतं.

*

मारतहळ्ळीच्या एका सॉफ्टवेअरवाल्याने कम्प्लेंट टाकली की गादी व्हायब्रेट होते. आम्ही गेलो. गडी तिशीतला, दाढी वाढलेली, डोळे लाल. "अभी नहीं होगा अंकल, रात को होता है," तो म्हणाला.

अण्णांनी दोन्ही तळवे गादीवर ठेवले आणि डोळे मिटून उभे राहिले. मग गादीला कान लावला. मग विचारलं, "सर, फोन किधर रखते हो?"

"पहले तकिए के नीचे रखता था. अब बाहर हॉल में रखता हूँ. तब भी होता है."

"ऑन-कॉल हो क्या? रात को भी?"

त्याने तोंड उघडायच्या आत किचनमधून बायकोचा आवाज आला, "शादी के पहले से!"

अण्णांनी दोरी गुंडाळली. "सर, गद्दे में कुछ नहीं है." तर तो हसून म्हणाला, "पता है अंकल. लेकिन कम्प्लेंट सिर्फ गद्दे की कर सकते हैं ना!"

लिफ्टमध्ये मी हसत होते. अण्णा हसले नाहीत.

*

काळे काकांचं तर विचारू नका. सरकारी संशोधन संस्थेतून रिटायर झालेले, मुंबईहून तरुणपणी इथे आलेले आणि इथलेच झालेले. आम्ही मराठी आहोत म्हटल्यावर दारातच खूश. कम्प्लेंट अशी, की गादीची एक कडा खचली आहे आणि ही सरळसरळ फोमच्या घनतेची चूक आहे. त्यांनी आमच्यासाठी आकृती काढून ठेवली होती.

कडा खरंच बसली होती. पण एकच, आणि तीही एकाच जागी. अण्णांनी पट्टी खाली ठेवली आणि काकूंना म्हणाले, "अम्मा, कॉफी मिळेल का?"

मी चाट पडले. व्हिजिटला पाणीसुद्धा न मागणारा माणूस! काकूंनी कॉफी आणली आणि पेले ठेवता ठेवता त्यांनीच सांगून टाकलं. "ऑफिसची बस पहाटे यायची हो. हे रिटायर झाले, पण त्या वेळेला अजून उठतात. दाढी, आंघोळ, इस्त्रीचा शर्ट. आणि मग त्या कडेवर बसून राहतात."

काका गोरेमोरे झाले. मग म्हणाले, "छातीत धडधडतं. सारखं वाटतं काहीतरी करायचं राहिलंय. काय ते आठवत नाही." अण्णांनी मान डोलावली, दुसरी कॉफी घेतली आणि काका बोलत राहिले. कम्प्लेंट काकांनी स्वतःच मागे घेतली. निघताना फक्त विचारलं, "पुढची तपासणी कधी?"

व्हॅनमध्ये बसल्यावर अण्णांनी मला धडा दिला. "हे बघ नागपूर. माणूस झोपतो तिथे मधे खड्डा पडतो. झोप येत नाही तो उठून कडेवर बसतो, म्हणून त्याची कडा बसते. कडा बसलेली दिसली की वॉरंटी विसर, कॉफी माग."

"कशाला?"

"कॉफी होईपर्यंत बोलतात गं लोक."

*

तन्मय आमचा सॉफ्टवेअरवाला. त्याच्या मनगटावर ते झोप मोजणारं घड्याळ असतं. रोज सकाळी ते स्कोअर देतं आणि त्या स्कोअरवर याचा दिवस ठरतो. एकदा शीळ घालत आला, म्हणे काय मस्त झोप झाली! डबे उघडताना घड्याळाकडे नजर गेली तर स्कोअर पडलेला. तिथल्या तिथे खांदे उतरले, डोळे चोळायला लागला, आणि दुपारी हाफ डे टाकून घरी गेला.

एकदा घड्याळाची बॅटरीच संपली. आता झोप झाली की नाही हे कळणार कसं? पठ्ठ्याने पुण्याला आईला फोन लावला. "आई, आवाजावरून मी झोपलो होतो असं वाटतंय का गं?"

आई म्हणाली, "सकाळी सकाळी हे विचारतोयस म्हणजे नाही झोपलास."

अण्णांनी त्याला सांगितलं, "पुणे, ते काढून ठेव. उद्यापर्यंत मला दे, तू स्वल्प मोकळा झोप." स्वल्प म्हणजे थोडं, हा इथला शब्द अण्णांच्या प्रत्येक वाक्यात मिठासारखा असतो. दुसऱ्या दिवशी त्यांनी घड्याळ परत केलं. तन्मयने उत्सुकतेने बघितलं. घड्याळ म्हणत होतं, झोपेची नोंद नाही, घड्याळ घातलेलं नसावं.

"काय अण्णा, घातलंच नाही ना!"

"विसरलो बघ," अण्णा म्हणाले आणि डब्यात लक्ष घातलं.

मी समोर बसले होते. त्यांच्या मनगटावर पट्ट्याचा वळ स्पष्ट दिसत होता.

*

मग ती मीटिंग झाली. मॅनेजमेंटने जाहीर केलं की घरोघर व्हिजिट करणं आता परवडत नाही. पुढे कस्टमर फोनवरच गादीचा फोटो काढेल, अॅप तो फोटो बघेल आणि निकाल देईल. सुरुवातीला अॅपला जमणार नाही तेवढ्याच व्हिजिट होतील, मग त्याही बंद. इन्स्पेक्टर लोकांना 'योग्य जागी सामावून घेऊ' म्हणाले. योग्य जागा कुठली, ते कुणी बोललं नाही. आणि हे अॅप कोण करणार? आमचा तन्मय.

त्या दुपारी तन्मयला अण्णांच्या तोंडाकडे बघवेना. अण्णांनीच आपल्या डब्यातला लिंबूभात, चित्रान्न म्हणतात इथे, त्याच्या पुढे सरकवला. वीणाअक्काच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या हातचं चित्रान्न आमच्या डिपार्टमेंटमध्ये फेमस आहे. "खा रे," ते म्हणाले. "तू नाही केलंस तर दुसरा कुणी करेल. तू तरी नीट करशील."

तन्मयने खाल्लं. एकदाही वर न बघता खाल्लं.

*

अॅपची ट्रायल सुरू झाली आणि पहिल्याच आठवड्यात धमाल. एका घरात कम्प्लेंट होती, फोटो काढायचा होता, पण घरातला अज्जा, म्हणजे आजोबा, दुपारची झोप सोडून गादीवरून उठायला तयार नाही. सून वैतागली. तिने अज्जासकट फोटो काढून पाठवून दिला. अंगावर पांढरी चादर, पांढऱ्या गादीवर.

अॅपने निकाल दिला. 'मधोमध मोठा उंचवटा. उत्पादनदोष. बदली मंजूर.'

अख्खं डिपार्टमेंट खो खो हसलं. अण्णा सगळ्यांत जास्त. "काय बदलून देणार रे पुणे? नवीन अज्जा?" टेबलावर हात आपटून हसत होते. मग सगळ्यांचं हसू ओसरलं तरी त्यांचं थांबेना. श्वास अडकायला लागला, आणि छातीवर हात दाबून ते खुर्चीतून खालीच बसले.

धावपळ झाली. कारखान्याच्या डॉक्टरांकडे ईसीजी काढला, तो स्वच्छ आला. डॉक्टरांनी विचारलं, "झोप कशी आहे?" अण्णा म्हणाले, "फर्स्ट क्लास." "काही टेन्शन?" "काही नाही सार, गॅसेस." डॉक्टरांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, हे हृदयाचं नाही, यांनी मनाच्या डॉक्टरांना भेटायला हवं. अण्णांनी ऐकलंच नाही असं दाखवलं.

बाहेर आल्यावर मी त्यांना सोडलं नाही. "अण्णा, खरं सांगा. झोपता का तुम्ही?"

त्यांनी ईसीजीचा कागद घडी करून खिशात टाकला. मग म्हणाले, "त्या मीटिंगच्या कितीतरी आधीपासून कुजबुज कानावर होती गं. तेव्हापासून नाही. आडवं झालं की डोक्यात गिरणी सुरू. मी कोण, व्हिजिट करणारा. व्हिजिट गेल्या तर मी काय करू? या वयात मला कुठे बसवणार? मग उठतो, स्वल्प कडेवर बसतो. नंतर हॉलमध्ये फेऱ्या मारतो, अनवाणी, वीणाची झोप मोडायला नको म्हणून."

"अक्काला हे माहीत आहे?"

"काही नाही माहीत. आणि तू सांगायचं नाही, सरी? कळलं?"

"काहून लपवता पण?"

"परत येऊन बघतो ना, तर भिंतीकडे तोंड करून अगदी गाढ असते. घरात एक तरी माणूस झोपू दे की."

त्यांचा राग आला आणि रडूही आलं, दोन्ही एकदम.

*

आमची व्हिजिटची व्हॅन चालवतो मंजुनाथ. त्याला मात्र हे सगळं आधीपासून माहीत होतं, हे मला मागाहून कळलं. झालं काय, की अण्णांना झोप लागायची ती फक्त व्हॅनमध्ये. होसूर रोडला लागलो, हॉर्न वाजायला लागले, मागे ट्रक, पुढे बस, की यांची मान कलंडलीच. घरी पंख्याचा आवाज सहन न होणारा माणूस सिग्नलच्या त्या कल्लोळात घोरायचा. कारण सोपं होतं, व्हॅनमध्ये असले म्हणजे ते ड्यूटीवर असायचे. काम चालू आहे, कुणीतरी वाट बघतंय, डोक्यातली गिरणी बंद.

मंजुनाथ मुद्दाम लांबचा रस्ता घ्यायचा. जिथे दहा लोक शॉर्टकट शोधतात, तिथे हा शोधून शोधून गर्दीत घुसायचा. कस्टमरचा फोन आला की आवाज खाली आणून सांगायचा, "स्वल्प ट्रॅफिक, सार." व्हॅन कस्टमरच्या घराखाली पोचून उभी असली तरी हेच. अण्णा आपोआप जागे होईपर्यंत तो स्टिअरिंगवर बोटं वाजवत बसायचा.

एकदा कसलीशी सुट्टी होती, रस्ता लख्ख रिकामा. कुणालाही आनंद होईल. मंजुनाथ मात्र हळहळत म्हणाला, "छे, आज पोचतो की काय लगेच!"

*

कंपनीला अचानक आमच्या मनाची काळजी वाटायला लागली, तेव्हाची गोष्ट. वेलनेस सेशन ठेवलं. बाहेरून एक समुपदेशक बाई आल्या, शांत, खादीचा कुर्ता घातलेल्या. जागा कुठली द्यावी? टेस्टिंग हॉल! नवीन कोऱ्या गाद्या ओळीने मांडलेल्या. बाई म्हणाल्या, सगळे आडवे व्हा, डोळे मिटा आणि फक्त श्वासाकडे लक्ष द्या.

श्वासाकडे कुणाचं लक्ष गेलं असेल तर शपथ! दोन मिनिटांत मॅनेजर घोरायला लागला. अकाउंट्सवाली झोपेत कुणाशी तरी भांडत होती. तन्मय घड्याळ छातीशी धरून गार. माझाही डोळा लागला होता, कशानेतरी उघडला.

अण्णा गादीच्या कडेवर बसले होते. पाय खाली, हात गुडघ्यांवर. बाई त्यांच्या शेजारी येऊन बसल्या आणि हळूच विचारलं, "झोप येत नाही का?"

"कडेचा सपोर्ट तपासतोय, मॅडम," अण्णा म्हणाले.

बाई म्हणाल्या, "तपासून झालं की सांगा. मी थांबते." आणि त्या थांबल्या. सेशन संपेपर्यंत दोघं तशीच शेजारी शेजारी. अण्णा गादीची शिवण बोटाने चाचपत राहिले. जाताना बाईंनी त्यांना एका डॉक्टरांचा नंबर सांगितला, तो मी माझ्या फोनमध्ये घेतला.

व्हॅनमध्ये मी विषय काढला तर अण्णा उसळले. "मला काय वेड लागलंय?"

मग मीही उसळले. "दाढ दुखली की डॉक्टर चालतो, आणि मन दुखलं की लगेच वेड? काळे काकांना कॉफी पीत पीत बोलतं केलंत, तुम्हाला कोण करणार?"

त्यानंतर दोन-तीन दिवस मला 'नागपूर' अशी हाक आली नाही.

*

आणि आता हे. खरं म्हणजे हा किस्सा मला पहिल्यापासून सांगायचा होता, म्हणूनच मघापासून माझं एका जागी लक्ष नाही.

डबे उघडले होते. तन्मय एका हाताने खात आणि दुसऱ्या हाताने अॅपवरच्या नव्या कम्प्लेंट बघत होता. अचानक त्याचा घास थांबला. त्याने फोन माझ्याकडे वळवला.

कस्टमरचं नाव वीणा राव. एरिया चामराजपेट. तक्रार: 'गादी खराब झाली आहे. ह्यांना झोप येत नाही. कुणीतरी येऊन बघावं.' फोटो पाठवला होता, पण फोटोवरून अॅपला काही ठरवता आलं नव्हतं. खाली लिहिलं होतं, 'व्हिजिट आवश्यक.' आणि अॅपने एरिया बघून इन्स्पेक्टरही नेमला होता. गिरीश राव.

अण्णांनी वाचलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "तिला कुणी सांगितलं? नागपूर, तू?"

"तुमची शपथ अण्णा, मी नाही."

"कॅन्सल कर रे ते."

तन्मय अगदी हळू म्हणाला, "कॅन्सल फक्त कस्टमर करू शकतो, अण्णा."

स्टाफच्या घरची कम्प्लेंट असली तर दुसरा इन्स्पेक्टर सोबत लागतो, असा नियम आहे. म्हणून मी. मंजुनाथने नेहमीप्रमाणे गर्दीचा रस्ता घेतला, पण त्या दिवशी अण्णांनी डोळा मिटला नाही.

खाली अगरबत्तीचं दुकान, वर त्यांचं घर. जिना चढेपर्यंत वास सोबत येतो. अक्काने दार उघडलं. पाहुणे यायचे असावेत तशी धुतलेली साडी नेसली होती. मला म्हणाली, "ये." मग अण्णांना म्हणाली, "या." जणू तेही पहिल्यांदाच येताहेत.

अण्णांनी इन्स्पेक्टरचा आवाज लावला. "मॅडम, तक्रार काय आहे?"

"लिहिली आहे की," अक्का म्हणाली.

खोली छोटी, पलंग भिंतीपासून जरा पुढे ओढलेला. आम्ही चादर काढली, दोरी ताणली. एक टोक त्यांच्याकडे, एक माझ्याकडे. मधे गादी सपाट, नवीन असावी तशी. "मधे काही नाही," अण्णा म्हणाले. मग त्यांच्या बाजूची कडा. ती बसलेली होती, तळहात मावेल एवढी. त्यांनी पटकन चादरीचं टोक त्यावर ओढलं. मी ते बाजूला केलं आणि मोजलं. अक्का दाराच्या चौकटीला टेकून बघत होती. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं.

"झालं," अण्णा म्हणाले आणि दोरी गुंडाळायला लागले. "चल."

माझ्या हातातलं दोरीचं टोक अजून सुटलं नव्हतं. मी भिंतीच्या बाजूला, अरुंद जागेत उभी होते आणि तोल सावरायला गादीवर हात टेकला होता. हात खाली गेला. मी दाबून बघितलं. मग थोडं पुढे, मग मागे. मग पुन्हा तिथेच.

"अण्णा, इकडे या."

"ती बाजू चांगली आहे गं. ती बाजू वीणाची."

"या तरी."

ते आले. हात ठेवला. पट्टी काढली, दोरी ताणायला लावली, मोजलं. पुन्हा मोजलं. त्यांच्या कडेएवढीच ही कडा बसली होती, असलीच तर किंचित जास्त. किती वर्षांची सवय, तोंडातून प्रश्न गेलाच. प्रत्येक घरात विचारतात तसा, मान वर न करता.

"या बाजूला कोण झोपतं?"

"झोपत कुणीच नाही," अक्का म्हणाली. "तुम्ही हॉलमध्ये गेलात की मी उठून बसते. पावलं परत वळली की आडवी होते."

अण्णांनी मान वर केली. ते नेहमीचं वाक्य बोलायला त्यांचे ओठ हलले, पण आवाज आला नाही. मग ते हळूच खाली बसले, तिच्याच बाजूच्या कडेवर. अक्का चौकट सोडून आत आली आणि शेजारी बसली.

मी दोरी गुंडाळली. म्हटलं, "अक्का, कॉफी मिळेल का?"

ती उठायला लागली. अण्णांनी तिचा हात धरून तिला परत बसवलं.

"नागपूर," ते म्हणाले, "पावडरचा डबा वरच्या फळीवर आहे."

मी किचनमध्ये गेले, दूध ठेवलं आणि गॅस अगदी बारीक केला. आतून आधी अण्णांचा आवाज आला, तुटक तुटक. मग बराच वेळ अक्काचा. तेवढ्यात माझा फोन वाजला. खालून मंजुनाथ. पुढचा कस्टमर वाट बघतोय, तीनदा फोन आला, काय सांगू?

मी दुधाकडे बघितलं. अजून साय धरत होती.

"सांग त्यांना," मी म्हटलं, "स्वल्प ट्रॅफिक आहे."